बांधात बसलेली

आई, बांधावरचा देव हलवला. गेल्या आठवड्यात, बँजो लावून, मिरवणुकीने. तुम्ही असतात तर कमरेवर हात ठेवून म्हणाला असतात, "कोनाचा देव नेला गो यांनी?" आणि पदराआड हसला असतात. मला हसू आलं नाही. मी गर्दीत आरतीचं ताट घेऊन उभी होते. टेम्पोत झेंडूच्या माळा घालून बसवलेला तो शेंदरी दगड म्हणजे नुसती खूण आहे, हे तिथे मला एकटीलाच ठाऊक होतं. जिची खूण, ती खाली चिखलातच राहिली. सोसायटीच्या गेटाजवळ नवं देऊळ बांधलंय, संगमरवरी फरशीचं, आत पंखा. रस्ता आता आपल्या मिठागरावरून जाणार, म्हणून देवाची सोय केली म्हणे. सगळ्यांनी मनापासून केलं, त्यात खोट काढायला जागा नाही, आणि त्यामुळेच मला बोलता येईना.

लग्नानंतरचा माझा पहिला हंगाम आठवतो. मी परळच्या चाळीतून आलेली, इतिहास घेऊन बी.ए. झालेली, आणि तुमच्या घरात त्या दिवशी सगळं अळणी. चहाबरोबर खारी बिस्किटं खायलासुद्धा बंदी. मिठागरात पहिलं मीठ धरलंय, ते तिला दिल्याशिवाय घरात कोणाच्या जिभेला मीठ लागायचं नाही. खाडीला ओहोटी लागलीय. तुम्ही डोक्यावर अळणी भाताची टोपली घेऊन पुढे चालताय, मी मागून लग्नातल्या चपला सांभाळत. तुम्ही वळून बघता आणि ओरडता, "चपल्या काड गो! कोनाच्या पाठीवर चाललीस ठाव हाय का?" मी चपला काढते. शेंदरी दगडाकडे तुम्ही ढुंकूनही बघत नाही. त्याच्या पलीकडे, पाण्याच्या अंगाला बसता आणि कोपरापर्यंत हात चिखलात घालता. मग माझा हात धरून तसाच आत ढकलता. आत काहीतरी गोल, घट्ट.

"गावला? थंड हाय?"

"हो."

"तिला डोले न्हाय, कान न्हाय. तिला हात कलतो."

भात ठेवला, शेजारी पहिलं मूठभर मीठ. मी ते भातावर भुरभुरायला गेले तर माझ्या हातावर चापट. "मीठ तिचाच हाय. तिला पायजे तवरा ती घेल."

परतताना तुम्ही गोष्ट सांगितलीत. फार पूर्वी उधाणात बांध फुटला, खारं पाणी भाताच्या शेतात घुसायला लागलं. माणसं माती आणायला धावली आणि घरची सून खिंडारात बसली, खाडीकडे पाठ करून. सकाळी बांध धड होता आणि सून नव्हती. मी बावळटासारखं विचारलं, "म्हणजे तिच्यावरच माती टाकली?" तुम्ही थांबला नाहीत. "मंग? म्हनून बाप्यांना सांगाचा न्हाय. त्यांनी वरच्याला शेंदूर लावावा न घरी जावा." सासूने सुनेला दाखवायचं, सुनेने तिच्या सुनेला. लेकीलाही नाही, कारण बसली ती सूनच होती.

मी माझं शहाणपण पाजळलं. फिरंग्यांच्या काळात या बाजूच्या लोकांनी देव तळ्यांत, चिखलात लपवले होते, तसलाच हा एखादा असेल, असं तुम्हाला समजावून सांगितलं. तुम्ही माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलंत. "लपली न्हाय गो ती. बसलीय." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. माझा विश्वास बसला होता असं नाही, पण तो थंडपणा बोटांतून जायला बरेच दिवस लागले.

मिठागर बंद पडलं तरी आपण दोघी जात राहिलो. तुम्ही गेल्यावर मी एकटी जायचे, जेसल पार्कातल्या बिल्डिंगमधून स्टीलच्या डब्यात अळणी भात घेऊन, वॉचमनला वाटायचं मी कोणाला जेवण पोचवतेय. मग ट्रक यायला लागले. फुटक्या टाइल्स, संडासांची भांडी, भिंतींचे तुकडे, असा सगळ्या पाडलेल्या इमारतींचा भराव बांधाच्या अंगावर येऊन पडू लागला. आधी कोपरापर्यंत हात घातला की ती लागायची, मग खांद्यापर्यंत, मग लागेचना. तेव्हापासून मी वरच्या दगडालाच हात जोडून घरी येत होते, बाप्यांसारखी.

मिरवणुकीच्या संध्याकाळी राहवलं नाही. तुमची आण मोडली आणि पुतण्याला सगळं सांगितलं. तुम्ही त्याला पाळण्यात बघितलं होतंत, आता देवळाचा सगळा कारभार तोच बघतो. पोरगा वाईट नाही. डोक्याला हात लावून बसला. "काकी, आता सांगतेयस? परत बँजो कुठून आणू?" पण दुसऱ्या दिवशी दुपारी आला आणि म्हणाला, "चल, रस्त्याचं काम सुरू झालंय. जेसीबीवाल्याशी बोललोय, थोडं खोदून देईल."

आई, मी चपला काढून उभी होते, पण बांध कुठे संपतो आणि भराव कुठे सुरू होतो तेच कळेना. खूण तर आपणच उचलून नेलेली. मी अंदाजाने बोट दाखवलं. जेसीबीने आधी टाइल्स काढल्या, मग काळा चिखल आला, आणि त्याचा वास आला तशी मला तुमची इतकी आठवण झाली की मी पुतण्याचा दंड धरला. चिखलाबरोबर दगड आले. एक नाही, ढीगभर. गोल, लांबट, अर्धे फुटलेले. ड्रायव्हर वरून ओरडतोय, "मॅडम, जल्दी बोलो, कौनसा पत्थर?" मी एकेकाला हात लावत गेले. डोळेही मिटून बघितले. सगळे उन्हात पडून तापले होते. तिला हात कळतो म्हणालात तुम्ही, पण माझ्या हाताला ती कळली नाही. इतक्या वर्षांची ओळख, आणि मी भाजी निवडल्यासारखी दगड चिवडत होते. शेवटी एकावर हात ठेवला आणि म्हटलं, हा. पुतण्याने खिशातल्या रुमालाने तो पुसला, कपाळाला लावला आणि रिक्षात माझ्या मांडीवर ठेवला.

तेव्हापासून तो ओट्याखाली मिठाच्या बरणीजवळ आहे. मला रात्री पडल्यावर वाटतं, ती अजून तिथेच बसली असेल, खाडीकडे पाठ करून. वरून रोलर फिरतोय. राखायला शेत नाही, बांध नाही, मीठ नाही, आणि ऊठ म्हणून सांगायला कोणी नाही. बुलडोझरच्या फाळात अडकून कधीच गेली असेल तर तेही मला कळायचं नाही. तुमच्या आधीच्या सगळ्या सुनांनी एक गोष्ट हातातून हातात दिली आणि ती माझ्या हातून पडली. याला काही उपाय नाही, आणि कोणी समजूत घातली तर मला ती नको आहे.

काल माझी सून आली. ठाण्याला राहतात दोघं. तिनेच मागे विचारलं होतं, "आई, आपल्या त्या देवाचं काय असतं?" मी मुलाला खाली दूध आणायला पिटाळलं. अळणी भात केला होता, मीठ पिशवीतलं. तिला ओट्याजवळ बसवून सगळं सांगितलं, खिंडार, माती, बाप्यांना का सांगायचं नाही ते. मी न सांगता तिने डोळे मिटले आणि दगडावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग हळूच म्हणाली, "थंड आहे, आई." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मीठ भातावर भुरभुरू नकोस म्हणून सांगितलं.

हे पत्र मी कुठे टाकणार? चिखलात हात घालून खाली सोडण्यासारखी जागा होती, तिथे आता खडी पडलीय. पिठाच्या डब्याखाली ठेवीन, सापडलं तर सापडलं. तुम्हाला एवढंच सांगायचं राहिलं. त्या दगडाच्या खालच्या अंगाला सिमेंटचा पोपडा होता, आणि त्यात निळ्या टाइलचा तुकडा. सून यायच्या आधी मी तो सुरीने खरवडून काढला.