लिऊच्या हंडीचे साचे

मी, नूतन खांबेटे, कै. चंद्रशेखर खांबेटे यांची पत्नी, वय ६६, निवृत्त सिरॅमिक इंजिनिअर, मूळची पुण्याची, सध्या राहणार अल अमेरात, ओमान, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. कर्करोग यकृतात आहे, डोक्यात नाही. माझा मुलगा यशोधन पुढे "आईला औषधांची गुंगी होती" असे म्हणाल्यास सोबतचा डॉक्टरांचा दाखला वाचावा.

१. पुण्याचा फ्लॅट व बँकेतील ठेवी माझ्या स्वकष्टार्जित आहेत. हे दोन्ही माझी सून ऋचा हिला द्यावे. यशोधनला काहीही देऊ नये. त्याचे नाव नजरचुकीने राहिलेले नाही.

२. कारण लिहून ठेवते. इथल्या टाइल्सच्या कारखान्यात लिऊ मेइ ही चिनी बाई माझ्याबरोबर होती. तिने मला तिच्या गावची मातीची हंडी दिली. मंद आचेवर तासन्‌तास रस्सा शिजवायची, गोल बुडाची. माझ्या इलेक्ट्रिक शेगडीवर ती दुसऱ्याच दिवशी तडकली. लिऊ म्हणाली, "हंडीचा दोष नाही. तिला तुझी शेगडी माहीत नाही."

मग आम्ही दोघींनी चार वर्षांचे सुट्टीचे शुक्रवार त्यात घातले. बूड सपाट केले, कान मोठे केले, तापल्यावर न फुगणारे खनिज मातीत मिसळले. रस्सा तिच्या घरच्यासारखा लागेपर्यंत लिऊ नकारार्थी मान हलवत राहिली. ती मायदेशी परतली तेव्हा हंडी तयार होती.

यशोधनने ती विकायला घेतली याचा मला आनंद झाला होता, हेही लिहिते. त्याने खोक्यावर छापले, "खांबेटे कुटुंबाचा शोध". पुढे २०१६च्या प्रदर्शनाआधी खनिज वेळेत आले नाही, तेव्हा त्याने साध्या मातीच्याच हंड्या भाजल्या. मी विचारले तर म्हणाला, "आई, लोक रंग बघतात."

त्यातलीच एक ऋचाच्या शेगडीवर फुटली. उकळता रस्सा तिच्या दोन्ही पायांवर सांडला. यशोधनने सगळ्यांना सांगितले, तिने हंडी रिकामी तापवली. मी त्याच भट्टीतल्या बारा हंड्या पाणी भरून तापवल्या. नऊ तडकल्या.

मत्रहच्या बाजारात या हंड्या विकणारे दुकानदार हुसैनमियाँ यांना मी जाऊन हे सांगितले. ते म्हणाले, "बाई, पोराचा धंदा बसेल." मी म्हटले, "बसू द्या." त्यांनी त्याच दिवशी फळी रिकामी केली. ऋचा तेव्हापासून माझ्याकडे राहते.

३. माझ्या मालकीचे हंडीचे साचे, भट्टी व मिश्रणाची वही ऋचाला द्यावी. प्रत्येक हंडीच्या बुडाशी लिऊचे नाव उमटवावे.

४. माझे दीर ऋचाला म्हणाले होते, "बायकांना भाजायचंच." त्यांना माझ्या दिवसांना बोलावू नये.

५. काल यशोधन आला. साचे मागू लागला.

"ते ऋचाचे आहेत," मी म्हटले.

तो हळूच म्हणाला, "हंडी रिकामी नव्हती, आई."

"मला माहीत आहे. ऋचा स्वयंपाकघरात आहे, तिला सांग."

स्वयंपाकघर सात पावलांवर आहे. तो उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. कलम १ कायम.

स्थळ: अल अमेरात
दिनांक: १२ फेब्रुवारी २०१७
सही: नूतन खांबेटे

नूतनबाईंनी हे वाचून आम्हा दोघांच्या समक्ष सही केली; आम्हीही त्यांच्या समक्ष सह्या करीत आहोत.
साक्षीदार: १. हुसैनमियाँ परकार, मत्रह २. सबीहा दळवी, शेजारीण