दुपारी दोनचा वाचक

४ मार्च
वाचक मिळाला! खरा — नात्यागोत्यात नसलेला!
माझ्या भाचीने, भूमिकाने, माझ्या लेखांच्या वेबसाइटवर काहीतरी बसवलंय. कोण कुठून आलं, काय वाचलं, किती वेळ थांबलं, सगळं मला दिसतं. किन्हवलीत बसून बघते तर — मुरबाड. एकच फोन. दुपारी दोन. अठ्ठेचाळीस मिनिटं! लेख कसाबसा दहा मिनिटांचा.
"आत्या, कोणीतरी प्रेमात पडलंय गो तुझ्या!"
चाळिशी उलटली माझी, म्हटलं. पण भात करपलाच.

७ मार्च
रोज दोनला येतो. मी जेवणं आटोपून, केस विंचरून बसते — जशी काही त्याला दिसणार आहे!

१० मार्च
आईच्या शेवटच्या दिवसांवरचा लेख. शेवटापर्यंत गेला, परत वर आला. दोनदा. रडला असेल का?
आणि एकदम लाज वाटली. कुणाला जेवताना दाराच्या फटीतून बघावं, तसं. तो एकटा समजून वाचतोय. मी बघतेय, हे त्याला ठाऊकच नाही.

११ मार्च
वर पाटी लावली: "तुम्ही कुठून आलात, काय वाचलंत, किती वेळ थांबलात, ते मला दिसतं. नको असेल तर खालचं बटण दाबा, मग दिसणार नाही. सध्या मला एकच वाचक आहे. त्याने जाऊ नये असं फार वाटतं. पण न सांगता बघणं बरं नाही."
"सगळेच बघतात गो! एवढं कोण सांगतं? पळून जाईल तो!" — भूमिका.
जाऊ दे, म्हटलं.

१२ मार्च
दोन वाजले. अडीच. कोणी नाही.

१३ मार्च
कोणी नाही. कशाला केला हा शहाणपणा?

१४ मार्च
वेबसाइटवरच्या नंबरावर आवाजाचा निरोप. मागे पानांची सळसळ, बायकांचं खिदळणं. सहा वेळा ऐकला.
"बाय, मी तानी. टोकावड्याच्या पुढल्या वाडीवरनं. तुमाला दिसतं म्हनून लाजून बटन दाबलं, पन वाचतो रोज. ती पाटी तेवढी सुधरा. एक वाचक कुठला? फोन सोनालीचा, ती मोठ्यानं वाचते, आमी पत्रावळ्या लावत ऐकतो. अकरा जनी हाव आमी!"