शुक्रवारचा आवाज

स्लिव्हेन, १२ नोव्हेंबर

प्रिय वेलिकाताई,

आलुबुखाऱ्याच्या मुरंब्याची बरणी न फुटता पोचली. भाऊजींची कंबर कशी आहे? इथे थंडी पडलीय. वेधशाळेचं छत पुन्हा गळतंय. नगरपालिका म्हणते, पुढच्या वर्षी बघू.

तू विचारलंस, रेडिओवर शुक्रवारी माझी जुनीच भाषणं का लावतात. लोकांना आवडतात म्हणून, असं समज.

परवा तारांगण भरलं होतं. शनीच्या कड्यांपर्यंत आलो आणि आवाज बसला तो बसलाच. पाणी प्यालो, खाकरलो, नुसती हवा. यंत्र चालवणारी दोन्का अंधारातून पुढे आली नि कानाशी म्हणाली, "सर, बसा तुम्ही. इतकी वर्षं तेच ऐकतेय, पाठ आहे मला."

"चुकशील," मी पुटपुटलो.

"चुकले तर तुम्हाला कळेल. त्यांना कुठे कळतंय?"

मी पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसलो. तिने सगळं सांगितलं, माझ्या विनोदांसकट. लोक माझ्या वेळी हसायचे त्याहून जास्त हसले. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "ही त्या रेडिओवाल्यापेक्षा बरी. तो फार लांबण लावतो."

मी हो म्हटलं. वाईट वाटलं नाही म्हणालो तर खोटं होईल. पण खरं सांगू, हायसंही वाटलं. सगळे गेल्यावरही तिथेच बसून राहिलो. उठायचं त्राण नव्हतं. दोन्काने कोट आणून खांद्यावर टाकला.

आता खरं ते लिहितो. ऑगस्टपासून मी रेडिओसाठी नवीन भाषण केलेलं नाही. घशात गाठ आहे. सोमवारी ऑपरेशन. डॉक्टरीणबाईंना विचारलं, "निदान कुजबुजता येईल?"

त्या म्हणाल्या, "आधी जीव वाचवू या, सर. आवाजाची आशा ठेवू नका." लहानपणी माझा कार्यक्रम ऐकून झोपायच्या म्हणे. सांगताना त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

तू रडत बसू नकोस. भाऊजींना घेऊन रविवारच्या बसने ये. तुझी चीज भरलेली बनित्सा आण, पण मऊ कर, गिळायला त्रास होतो. ग्रहताऱ्यांवर उभा जन्म बोललो. तुमच्याशी बोलायचं ते दर वेळी पुढच्या सुटीवर टाकलं. थकलोय गं. रविवारी मला कुणालाही काही समजावून सांगायचं नाही. फक्त उरल्यासुरल्या आवाजात तुला 'ताई' म्हणून हाक मारायचीय, तुला पुढे पुरेल इतकी.

वाट बघतोय.

तुझा धाकटा,
मेतोदी