आज्याच्या हातचा नारळ

प्रिय हेमांगी बाय,

तुझा फोन आल्यापासून मी हवेत आहे. माझी नात पुण्यात पोटातल्या जंतूंचा अभ्यास करते, हे शेजारच्या नीराबाईला सांगून झालं, पाववाल्याला सांगून झालं, त्याच्या गिऱ्हाइकांनाही सांगितलं. पण बाय, अंगाची नुसती लाही होतेय. आपल्या आळीतल्या अनंताने परवा पंचांसमोर जाहीर केलं, यंदा नारळी पुनवेला सदा तांडेल दर्याला नारळ वाहणार न्हाय, त्याचे हात दारूने थरथरतात. तुझ्या आज्याचे हात! जन्मभर होडी हाकली, प्यालेल्या खलाशांना खांद्यावर घालून घरी सोडलं, स्वतः थेंबाला शिवला नाही.

तू म्हणालीस, आज्याचा हा हात थरथरायचा आजार, कंपवात, काही जणांत आधी पोटातच सुरू होत असेल, आतड्यातले जंतू बिघडले की मेंदूपर्यंत त्रास पोचत असेल, अजून पक्कं नाही. नसू दे पक्कं. मला एकेक आठवलं. हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधीपासून त्याचं पोट साफ होईना. एरंडेल झालं, इसबगोल झाला, आळी हसून बेजार. मग त्याला वास येईनासा झाला. वलांडीवर सुकत घातलेले बोंबील कुजले, सगळ्या कोळीवाड्याने नाकाला पदर लावला, आणि हा त्याच्याच खाली बसून निवांत चहा पितोय! तेव्हाही अनंता बोललाच, म्हाताऱ्याला चढलीय.

मी त्याला तोंडावर सुनावलं, मेल्या, हा आजार हाय, पोटातल्या जंतूंपासून येत असेल असं माझी नात सांगते. तर म्हणतो कसा, व्हय काकी, पोटात बाटली गेली की जंतू नाचणारच. सगळे खिदळले. आणि मला सांग, हात हलला म्हणून नारळ काय आभाळात जाणार? दर्यातच पडणार ना!

हे फोनवर बोलता येत नाही, आजा शेजारीच बसलेला असतो. काल जेवताना त्याच्या हातून भात सांडला. शितं गोळा करता करता त्याने मला हळूच विचारलं, सत्ये, मी कधी प्यायचो का गं? सगळे म्हणतात म्हणून त्यालाही आता खरं वाटायला लागलंय. पुनवेच्या आधी ये, बाय. अनंताला मी बघून घेते. तू फक्त आज्यासमोर बस आणि त्याला सांग.

तुझीच, वाट बघणारी
सत्यवती आजी