इनेझबाईंची वेल आणि माझी पडवी

मुलुंड, गुरुवार, ऑक्टोबर १९५५

ती. मामांस,

बाळाचा मुलुंडाहून साष्टांग नमस्कार. मामीला अर्धाच (उरलेला अर्धा ती लाडू पाठवील तेव्हा). तुमचा गुडघा कसा आहे? आईचा खोकला हटला का? शेवंती गाय व्याली का, आणि व्याली असल्यास पाडा की पाडी, ते कळवावे.

मी खुशाल आहे. नुसता खुशाल नाही, मामा, माझ्या हाताखाली एक वेल अशी वाढली आहे की तुमच्या वाडीतल्या साऱ्या मिरवेली एकीवर एक चढवल्या तरी हिच्या खांद्याला लागायच्या नाहीत. निघताना तुम्ही म्हणाला होतात, याच्या हातून दूर्वासुद्धा जगणार नाहीत, तीन महिन्यांत परत येईल. आज अकरावा महिना चालू आहे. (नोकऱ्या तीन झाल्या आणि बिऱ्हाडे चार, ते वेगळे.)

हल्ली मी रंगाच्या कारखान्यात बदलीवर आहे (कायमचा कोणी गैरहजर राहिला तरच काम) आणि इनेझबाईंच्या मागच्या पडवीत राहतो. त्या इथल्या गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती. मन मोठे, पण जीभ मासे कापायच्या विळीसारखी. त्यांचे यजमान बॅप्टिस्ट आगबोटीवर आचारी असतात. त्यांनी कोलंबोहून या वेलीचा तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून आणला आणि अंगणात लावला. पडवी मला द्यायची आणि वेल मी सांभाळायची, असा आमचा करार. फूल म्हणजे आपल्या कृष्णकमळाची थोरली बहीण, बशीएवढे, जांभळ्या दोऱ्यांची झालर लावलेले. वास असा की पाळीवर निघालेल्या माणसाचा पाय अडावा. फळ पपईएवढे, आत आंबटगोड गर. पण इथल्या मधमाश्यांना या फुलाचे काही जमत नाही, लग्न आपणच लावावे लागते. मी रोज सकाळी स्टुलावर चढून कोंबडीच्या पिसाने एका फुलाची पिवळी भुकटी दुसऱ्याला लावतो. (शेजारचा ह्युबर्ट मला भटजी म्हणतो. दक्षिणा काय मिळाली, असेही विचारतो.)

एवढ्यावर थांबतो तर मी बाळ कसला. नाहूरच्या गोठ्यातून डोक्यावर शेण आणले, वर इनेझबाईंचे बोंबील धुतलेले पाणी रोज मुळाशी. जुलैत मांडव भरला, ऑगस्टात कौले झाकली, सप्टेंबरात विहिरीचा रहाट फिरेना. ह्युबर्टने दोरीवर विजार वाळत टाकली आणि विसरला, तर तिसऱ्या दिवशी वेलीने दोन्ही पायांत हात घातलेले. तो म्हणाला, "बाळ, माझी विजार सोडव, नाहीतर उद्या माझ्या बदल्यात वेलीलाच कामावर धाड." एवढा पाला, पण फळे चारच. तीही बुटकी वाटली, म्हणून आपण पडवळाला बांधतो तसा मी प्रत्येकाला दगड बांधला, लांब व्हावीत म्हणून. तीन फळे दगडासकट खाली आली. त्यातले एक कोंबड्याच्या पाठीवर पडले. कोंबडा वाचला, पण तेव्हापासून मांडवाखालून जाताना आधी वर बघतो.

आता खरी गोष्ट. येत्या रविवारी बाईंच्या मुलीचा, कार्मेनचा, साखरपुडा आहे. पाहुणे अंगणात बसायचे, आणि अंगण तर दिसतच नाही. बाई काल म्हणाल्या, "चाळीस माणसं येणार हायेत. वेलीला मांडवात बस म्हणावं. नाही बसली तर ती आणि तू, दोघं रस्त्यावर." बाई बोलतात ते करतात. एकट्या पोराला इथे कोणी जागा देत नाही. पडवी गेली की मी गावी, आणि तुमचे भाकीत थोडे उशिरा का होईना, खरे.

तेव्हा छाटणी आलीच. तुम्ही मिरवेल छाटताना सगळे समजावून सांगत होतात, तेव्हा मी कलमाच्या आंब्यावर होतो, त्यामुळे निम्मेच ऐकले. पण मुख्य ते आठवते: फुटवा काप, खोड राख. ह्युबर्टचा कोयता आणला आहे. उद्या सकाळी हात घालतो. आता माझा हात बसला आहे, काळजी नसावी.

आपला भाचा,
बाळ

ता. क. पत्र टाकायचे राहिले. आज शुक्रवार. छाटणी झाली. मामा, त्या गुंत्यात फुटवा कुठला आणि खोड कुठले, हे वेलीलाच ठाऊक. मनगटाएवढा एक फुटवा कापला, तो खोड निघाला. वरची पाने हिरवीगार आहेत. बाईंनी खाली उभे राहून "आता कशी गप बसली" असे कौतुकही केले, मी मान डोलावली. खोड कापल्यावर पाने किती वेळ हिरवी राहतात? रविवार संध्याकाळपर्यंत टिकली तरी पुरे. उलट टपाली कळवावे.

ता. क. दुसरा. कळवू नये. आज शनिवार, दुपारी बारापर्यंत टिकली. बाई बाहेर आल्या, ओल्या कपड्यांसारखी लोंबणारी पाने पाहिली आणि पायरीवर बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. म्हणाल्या, "नाताळात बॅप्टिस्ट येईल. त्याला काय दाखवू?" मग मी पडवीतले डबे बाहेर आणले. काल कापलेल्या वेलीचे तीन-तीन पेरांचे तुकडे करून मी रिकाम्या डब्यांत खोचले होते, अठरा. बाई एकेका डब्यापुढे थांबत गेल्या. "एक आवरली नाही, आता अठरा?" मग म्हणाल्या, "मांडव परत भरेपर्यंत इथून हलायचं नाही. पळालास तर तुझ्या मामाला कागद घालीन." पत्ता लिहून घेतला आहे. कोमेजलेली वेल ओढून काढली, अंगण लख्ख झाले, उद्या चाळीस काय, साठ माणसे बसतील.

दिवाळीनंतर गावाहून आपला दत्ताराम इकडे येईल, त्याच्याबरोबर तुमची छाटणीची छोटी कोयती पाठवावी. आणि गुडघा साथ देत असेल तर तुम्हीच यावे, मी या वेळी झाडावर चढणार नाही, खाली बसून ऐकेन. दिवाळीला येतो म्हणालो होतो, ते आता जमत नाही. आईला सांगा, बाळ मुंबईत एकदाचा कायम झाला. कशावर, ते सांगू नका.