अंडी खाल्ली की घातली

इंझोरी,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, १९७४

तीर्थस्वरूप तोतारामभाऊ यांच्या चरणी इंझोरीहून शालिग्रामचा दोन्ही हात जोडून दंडवत. मेडशीस आपण सर्व सुखरूप असाल. वहिनींची कंबर, आपला दमा आणि नव्या म्हशीचं दूध, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करतो. आपली बहीण गोमती रुसून तिकडे आली, त्याअर्थी माझ्याबद्दल आपण पोटभर ऐकलंच असेल. आता हे दुसऱ्या बाजूचंही वाचा, आणि जरा मोठ्यानं वाचा, म्हणजे चुलीपाशी पाठ करून बसलेल्या माणसाला ऐकू जाईल.

पहिली गोष्ट, मी अंडं खाल्लेलं नाही. मिसरूड फुटायच्या आधी गळ्यात तुळशीची माळ पडली, तेव्हापासून मी कोंबडीच्या खुराड्याजवळूनसुद्धा नाक दाबून जातो, याची आपण लग्न ठरवताना स्वतः चौकशी करून गेला होता. झालं ते असं. दसऱ्यापासून मला धाप लागायची. मिरचीला पाणी देताना दोन वाफे झाले की बांधावर बसावं लागे, आणि भजनात अभंग संपायच्या आधीच पखवाजावरचा माझा हात संपे. गोमतीनंच हट्टानं मला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. (हे तिच्या बाजूनं लिहून ठेवतो, पुढं वाद नको.) डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढली, नखं पाहिली, अंगात रक्तच नाही म्हणाले आणि तपासणीसाठी नमुना आणायला सांगितलं. नमुना म्हटल्यावर मी तलाठ्याकडून सात-बारा काढून नेला. सरकारी दवाखान्यात सरकारी नमुनाच मागत असतील, असं कोणाही शेतकऱ्याला वाटलं असतं. कसला नमुना ते समजल्यावर दुसऱ्या खेपेस तो आगपेटीत घालून नेला, तर आदल्या दिवसाचा म्हणून परत केला. तपासणीवाले देवमनसाहेब म्हणाले की शिळा चालत नाही, सकाळचा ताजाच पाहिजे. (मी रोज शिळी भाकर खातो, सरकारला मात्र हेही ताजं लागतं.)

तिसऱ्या खेपेस जमलं. देवमनसाहेबांनी नमुना मिठाच्या दाट पाण्यात कालवला, वर काच ठेवली, थोड्या वेळानं ती काच उचलून दुर्बिणीखाली धरली, आणि मग खिडकीतून डोकं बाहेर काढून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "शालिग्राम कोन हाय? अंडी निंगाली तुमच्यात."

भाऊ, त्या रांगेत अर्धी इंझोरी उभी होती. देवमनसाहेब पुढंही बरंच बोलले. अंकुशकृमी नावाचा बारीक जंत आतड्याला चिकटून रक्त पितो, अंडी त्याची असतात, ती मिठाच्या पाण्यात तरंगून वर काचेला लागतात, आणि जिथं लोक परसाकडे बसतात तिथल्या ओल्या मातीत अनवाणी फिरलं की हा जंत तळपायातून आत शिरतो, असं सगळं त्यांनी नीट सांगितलं. पण पहिल्या वाक्यानंतर कोणी ऐकायला थांबलंच नव्हतं. गोमती एसटीत माझ्या शेजारी न बसता बायांत जाऊन बसली. घरी आल्यावर मी पुन्हा पुन्हा सांगितलं की मी खाल्ली नाहीत. तेव्हा माझं ताट वेगळं मांडत ती म्हणाली, "पोटात सापडली अन् खाल्ली नाई म्हन्ता? मंग तुमी घातली काय?"

याला उत्तर आपल्याला सुचलं तर कळवा.

मंडळानं पखवाज काढून घेतला. मग मी हट्टाला पेटलो. भजनी मंडळाचे विणेकरी सेवादासबुवा, ज्यांचा शब्द गावात कोणी मोडत नाही, त्यांनाच पदरच्या तिकिटानं दवाखान्यात नेलं आणि पुन्हा ताजा नमुना देऊन, देवमनसाहेबांच्या पाया पडून दुर्बिणीत पाहायला लावलं. म्हटलं, सत्य काय ते एकदा त्यांच्या डोळ्यांना दिसू दे. बुवांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. परत येऊन पारावर सगळ्यांसमोर त्यांनी साक्ष दिली, "म्या माह्या डोयानं पाह्यलं. अंडंच हाय." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गोमती आपल्याकडे निघून आली.

तरी मी हरलेलो नाही. औषध घेतलं, टायरच्या चपला घेतल्या, आणि धापही थोडी कमी आहे. लागलं तर सगळं मंडळ त्या दुर्बिणीपुढं एकेक करून उभं करीन, पण अंडं खाल्लं असं कबूल करणार नाही. प्राण गेला तरी गळ्यातली माळ उतरवणार नाही. हे तिला नीट ऐकवा. लहानांना आशीर्वाद.

आपला,
शालिग्राम

ता. क. गोमतीची नखं एकदा उजेडात पाहा. विहिरीवरून येताना ती हल्ली मधेच घागर खाली ठेवून बसायची, आणि चुलीची माती खरवडून खाताना मी तिला दोनदा धरलं आहे. वाफ्यात माझ्यामागं तीही अनवाणीच असते. देवमनसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, तिला लवकर आणा म्हणाले. भाऊ, मला फार भीती वाटते.

ता. क. दुसरा. पत्र टाकायला निघालो तर आपल्याकडून आलेल्या गड्यानं तिचा निरोप दिला, की नवरा खाल्ली म्हणून कबूल होईपर्यंत ती कुठल्याही दवाखान्याची पायरी चढणार नाही. तर वरचं सगळं राहू द्या. मी खाल्ली. दोन खाल्ली, उकडलेली, मीठ लावून. खरं वाटावं म्हणून माळ पाकिटात घातली आहे, ती तिच्या हातात द्या आणि उद्याच तिला आपल्या बाजूच्या दवाखान्यात न्या. नमुना त्याच सकाळचा असू द्या. आणि तिचीही अंडी निघाली, तर घरात कोणी तिला एक शब्द बोलू नका. औषध देऊन तिला इकडे पाठवा. घातली काय, हे मीच विचारीन.