गावात आहे का? हो / नाही

२ जुलै, बुधवार

तक्ता झाला एकदाचा! जुन्यात सोळा रकाने होते, माझ्यात नऊ. एका पानात बसतो. साहेब म्हणाले, "मॅडम, हा मुंबईला दाखवण्यासारखा आहे." दाखवा म्हटलं!

नदी-नाले भरले की आमच्या जिल्ह्यातली एक्केचाळीस गावं तुटतात. दरवर्षी तीच. त्या गावांत पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या बायांची यादी मे महिन्यातच होते आणि पाणी यायच्या आत त्यांना बाहेर काढायचं असतं. दवाखान्याला लागून राहायची सोय आहे. यंदा अठ्ठावन्न नावं. रोज सकाळी राज्याच्या कक्षाला आकडा द्यायचा – गावात अजून किती?

जुन्या तक्त्यात 'कुठे गेली' असा रकाना होता. आशाताया त्यात वाट्टेल ते लिहायच्या. मायकडे, मोठ्या बहिणीकडे, एकीने तर 'माहीत नाही, भांडून गेली'! राज्याने त्याचं काय लोणचं घालायचं? काढून टाकला. आता सरळ विचारलंय – गावात आहे का? हो / नाही.

३ जुलै, गुरुवार

साडेआठला पावसाचे आकडे. पासष्ट मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी, त्या मंडळाचा चौकोन लाल करायचा. आज एकही लाल नाही. भिंतीवरच्या नकाशात बंद रस्त्यांच्या टाचण्या – त्याही डबीतच.

१०७७ वर – आमच्या आपत्ती कक्षाचा नंबर – सात फोन. चार लाइट गेली म्हणून. एकाच्या संडासात साप. एक राजुऱ्याचा निघाला, जिल्हाच आमचा नाही, तरी दहा मिनिटं पावसावर बोलला. एक नुसताच, "लागते का पाहून राह्यलो होतो." लागते म्हटलं, ठेवा आता.

मुखरूभाऊंनी – आमचे शिपाई, कक्षात बावीस वर्षं – एका मंडळाचा पाऊस मेलेल्या कोंबड्यांच्या रकान्यात लिहिला. त्रेपन्न कोंबड्या वर जाता जाता वाचल्या! त्यांच्या हाती कागद द्यायचा नाही, हे ठरलं.

५ जुलै, शनिवार

अठ्ठावन्नवरून नऊवर आलो. आशाताई रंजीता फोनवर म्हणते, "रोवणा चालू हाय ना बाई. बाया बांधीतून निंघतच नाईत." मी झापलं. भात नंतर रोवता येईल. (येत नाही, हे मलाही माहीत आहे.)

८ जुलै, मंगळवार

शून्य!! 'गावात असलेल्या गरोदर महिला – निरंक.' राज्याच्या कक्षातला प्रफुल – कधी पाहिलेला नाही, नुसता आवाज – म्हणाला, तुमचाच जिल्हा पहिला. घरी येऊन शिरा केला.

उद्यापासून ऑरेंज अलर्ट आहे.

९ जुलै, बुधवार

ऑरेंज कसला, दुपारी रेडच आला. वरच्या धरणाची दारं उघडली. चौदा रस्ते बंद, सत्तावीस गावं तुटली. टाचण्या संपल्या तेव्हा मुखरूभाऊंनी बाभळीचे काटे आणून दिले. छान टोचतात.

बाकी सगळे रकाने फुगताहेत. माझा तेवढा निरंक.

१० जुलै, गुरुवार

लिहूनच काढते, नाहीतर झोप यायची नाही.

अकराला १०७७ वाजला. मोहटोल्याचा खुशाल म्हणून माणूस. गाव नाल्यापलीकडे, कालपासून तुटलेलं. रेंजसाठी टेकडीवर चढून बोलत होता. "बाई, पोरीचं पोट सकाळपासून दुखून राह्यलं. बोट पाठवा." पोरीचं नाव रोशनी. मी यादी उघडली. मोहटोला – एकही नाव नाही. आणि मी त्याला म्हटलं – हो, मीच! – "तुमच्या गावात कोणी गरोदर नाही."

तो म्हणाला, "आत्ता घरी पाहून आलो ना बाई. तुम्ही नाई म्हनल्यानं काय पोट रिकामं होते का?"

मग उलगडा झाला. रोशनी यादीत आहे, पण सासरच्या गावात. तिथल्या आशाताईने लिहिलं – गावात आहे का? नाही. खरंच नव्हती ती गावात! पहिली खेप, सातव्या महिन्यात बापाने माहेरी आणली. आणि माहेर नाल्यापलीकडे. मी 'नाही' मोजत गेले आणि शून्य आलं म्हणून शिरा खाल्ला.

माझीसुद्धा पहिली खेप सिंदेवाहीला झाली, आईकडे. सगळ्यांच्याच पोरी जातात. मला कळू नये? लाज वाटते.

साहेबांना सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. ते म्हणाले, "ते नंतर. बोट कुठे आहे?" रबरी बोट साठ किलोमीटरवर दुसऱ्या पुरात अडकलेली. मग मुखरूभाऊंनीच आठवण केली – नाल्याच्या अलीकडच्या गावात वारलूभाऊ आहेत, ढिवर, जन्म पाण्यात गेला. फोन लावला. ते म्हणाले, "दोन डोंगे जोडतो बाई. पन तिले बसवाचं नाई, निजवाचं. खाट काठावर आनाले सांगा." आम्हाला हे सुचलंही नसतं. खुशालला निरोप दिला आणि त्याचा फोन बंद पडला.

एक ते तीन काहीच कळलं नाही. मी दुपारचे आकडे भरत बसले. गाई सहा. कोंबड्या दोनशे बारा. दर पाच मिनिटांनी फोन उचलून चालू आहे का बघायची. तीन वीसला वारलूभाऊ – "आनली." बास, एवढंच. चार पन्नासला दवाखान्यातून – पोरगी झाली, दोघी बऱ्या.

मोरीत जाऊन रडले. तोंड धुऊन सकाळचा आकडा दुरुस्त करून दिला – एक. प्रफुल विचारतो, "कालपर्यंत निरंक होतं, आज एक कसा?" म्हटलं, होताच. मला दिसला नाही.

११ जुलै, शुक्रवार

रोशनी एकटीच कशी असेल? आणखी कोणी अशीच माहेरी, पाण्यापलीकडे असली तर? साहेबांनाही तीच धास्ती. उरलेल्या सत्तावन्न जणींना मीच फोन करायचा, एकेक करून – कुठे आहात, कितवा महिना.

सोपं नाही. नंबर नवऱ्याचा, नवरा बांधीत. कोणाला रेंज नाही, कोणाचा सारखा एंगेज. एकीला आठ वेळा लावला! शेवटी वैतागून आशातायांच्या ग्रुपवर टाकलं – सर्व कुटुंबांना कळवा, कक्षातून फोन येणार आहे, रेंजमध्ये राहा, लाइन मोकळी ठेवा. त्यानंतर भराभर लागले.

बावीस झाले. बहुतेक दवाखान्याजवळच आहेत. तिघी माहेरी, पण दोघींची गावं रस्त्यावर आणि तिसरीला अजून दोन महिने. जीव जरा खाली बसला.

१२ जुलै, शनिवार

दुपारी बारापर्यंत एकतीस. सगळ्या ठीक. बत्तिसावा नंबर लावणार तेवढ्यात साहेबांची हाक – पेढे! खुशालभाऊ डोंग्यातून नाला ओलांडून आला होता, वारलूभाऊंना घेऊन. पाठोपाठ पेपरवाले. फोटोत मला मधे उभं केलं, हातात तक्ता. वारलूभाऊ काही केल्या फोटोत येईनात – "मले नोका घेऊ, मी पान्यानं वला हावो." खुशालभाऊ म्हणाला, "या बाईच्या फोनानं वाचली पोर." मी त्याला पहिल्यांदा काय म्हटलं होतं, ते त्याने कोणाला सांगितलं नाही. मीही नाही.

बोलण्यात चार वाजले. पाऊस ओसरला, यलोवर आलो. साहेब म्हणाले, दोन आठवडे सुट्टी घेतली नाही तुम्ही मॅडम, उद्या घरी राहा. राहिले सव्वीस. मुखरूभाऊ म्हणाले, "द्या यादी, उद्या मी लावतो." त्यांच्या हाती यादी? नको म्हटलं. परत सगळं निस्तरायला मीच.

सोमवारी सकाळी करीन. एकतीस ठीक निघाल्या, बाकीच्याही असतीलच.

१३ जुलै, रविवार

दहापर्यंत झोपले! ऊन पडलं. आठवड्याचे कपडे वाळले. पेपरात फोटो आलाय – मी बरी आले आहे, साहेबांचे डोळे मिटलेले.

१४ जुलै, सोमवार

बत्तिसावा नंबर. उर्वशी, वय वीस. पहिल्याच रिंगला उचलला. नवरा, निकेश. मी विचारलं, उर्वशी कुठे आहे?

"तिच्या मायकडं होती बाई, नाल्यापल्याड. मीबी इथंच हावो. शनवारी दुपारी दुखाले लागलं. काल गेली. लेकरूबी गेलं."

मी म्हटलं, अरे, मग फोन काऊन नाही केला?

"तुमचा येनार होता ना. लाइन मोकळी ठेवा म्हनलं होतं. मी दोन दिवस टेकडीवरच बसून होतो."